हलणाऱ्या पेटीचा लेप

(वाराणसी, ब्रह्मा घाट. दुपार. पुढच्या खोलीत माशांसाठी केलेली प्लायवुडची चार फुटी पेटी, शेजारी टबात दोन मासे. शरदिनी आणि तिचा थोरला भाऊ नीलकंठ. दोघं साठीपार, आणि घरात दोघंच.)

शरदिनी: नळीवर काय लिहिलंय ते वाच आधी.

नीलकंठ: सिलिकॉन आहे गं. पाण्याचा थेंब बाहेर येणार नाही.

शरदिनी: ‘बुरशी धरत नाही’ असं लिहिलंय. म्हणजे आत औषध आहे. बुरशीला मारणारं औषध माझ्या माशांना सोडेल? पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी, दादा.

नीलकंठ: राहिलं, परत करतो. घाटावरचा मल्लाह म्हणत होता, डांबर लावा. त्याच्या नावेला तेच असतं.

शरदिनी: नावेचं पाणी बाहेर आणि मासेही बाहेर. इथे दोन्ही आत.

नीलकंठ: मग हा रबराचा लेप. दुकानदार म्हणाला, ‘बाबूजी, आँख मूँद के ले जाइए.’ सुकल्यावर माशांना काही होत नाही, डब्यावर लिहिलंय.

शरदिनी: डोळे मिटून घ्या म्हणणाऱ्याकडून तर मी उघड्या डोळ्यांनीही घेत नाही. आणि तो दुसरा डबा?

नीलकंठ: इपॉक्सी. तोही चालतो माशांना. पण दोन-दोन गोष्टी मोजून मिसळा, आठवडाभर सुकवा, फार झंझट.

शरदिनी: टिकतो किती?

नीलकंठ: दगड होतो. वर्षानुवर्षं बघायला नको.

शरदिनी: मग तो का नको?

नीलकंठ: कडक असतो ना. पेटी हलली की तडकतो. रबर कसं, ताणलं जातं.

शरदिनी: पेटी हलणार आहे का पण?

नीलकंठ: अं?

शरदिनी: पाण्याने भरलेली पेटी, पक्क्या ओट्यावर ठेवलेली. ती कशाने हलेल?

नीलकंठ: माकडं येतात.

शरदिनी: खिडकीला जाळी तूच बसवलीस. आणि या दोन बाजूंच्या खाचा कशाला?

नीलकंठ: उचलायला.

शरदिनी: कोण उचलणार? काचेची टाकी नको म्हणालास, जड होते म्हणून. सकाळी मी दाराची चौकट मोजली. सव्वीस इंच. पेटी रुंदीला पंचवीस. मला वेडी समजतोस?

नीलकंठ: शरू, चहा टाकतेस का?

शरदिनी: नाही टाकत. घर विकलंस का तू?

नीलकंठ: काय?

शरदिनी: देवदिवाळीच्या आदल्या दिवशी तो होमस्टेवाला आपली गच्ची मोजून गेला. तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलत नाहीस.

नीलकंठ: तो मंगला गौरीच्या देवळापासून सगळ्यांच्या गच्च्या मोजत आला होता. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

शरदिनी: मग माशांना बाहेर काढायची तयारी कशासाठी? मी कुठे जाणार, याचा विचार केलास?

नीलकंठ: तू कुठे जाणार ते तुझं ठरलंय की.

शरदिनी: म्हणजे?

नीलकंठ: देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी न्हाणीत होतो. तू फोनवर होतीस. ‘अंतरा, फेब्रुवारीत पुण्याला तुझ्याकडे येते, कायमची.’ आपल्या भाचीला कळलं, भावाला नाही.

शरदिनी: चोरून ऐकलंस?

नीलकंठ: वर्गात बोलल्यासारखी बोलतेस. चोरून ऐकायची सोयच नाही.

शरदिनी: मग विचारायचं नाही?

नीलकंठ: काय विचारू? राग आला होता मला. इतकी वर्षं एका घरात काढली, आणि हे न्हाणीत बसून कळावं? चार दिवस नुसता धुमसत होतो. मग या दोघांकडे लक्ष गेलं. पूर ओसरल्यावर पंचगंगा घाटाच्या पायरीवरच्या चिखलातून लोट्यात घालून आणलेस तू. एकाला डोळा नाही, म्हणून परत सोडवेना तुला. यांना इथे टाकून तुला तिकडे झोप लागणार नाही. म्हटलं, जातेच आहे तर मासे तरी बरोबर जाऊ देत. म्हणून खाचा. म्हणून रबर.

शरदिनी: आणि तू काय करणार होतास?

नीलकंठ: मला काय लागतं? दोन पोळ्या.

शरदिनी: येतात करता?

नीलकंठ: नाही.

शरदिनी: दादा, त्या होमस्टेवाल्याला बघूनच मी अंतराला फोन केला. वाटलं, हा मला न विचारता घर विकतोय. कुणी जा म्हणण्याआधी आपणच निघावं.

नीलकंठ: मला विचारायचंस.

शरदिनी: तू विचारलंस मला?

नीलकंठ: नाही विचारलं.

शरदिनी: झालं तर मग. तो इपॉक्सीचा डबा उघड.

नीलकंठ: विचार कर. आठवडा सुकायला. मग पाणी भरा, फेका, पुन्हा भरा. महिना जाईल.

शरदिनी: जाऊ दे. मासे टबात आहेत, मी इथे आहे.

नीलकंठ: आणि अंतरा? तिने खोली रिकामी करून ठेवली असेल.

शरदिनी: तिला सांगते, पेटी हलवली तर तडकेल.