पहिला परळ कुणाला?

बुवा, मृदंग जरा थांबवा. टाळकऱ्यांनो, बसा खाली, हात दुखले असतील. माझाही घसा बसलाय. मागं ऐकू येतंय ना? येत नसेल तर पुढं सरका. सतरंजी काही चावत नाही!

मंडळी, सप्त्याचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन. आज खरं तर हसत-खेळत सांगायचं. पण तुमच्याशी काय लपवायचं? दमलोय मी. गावोगाव उभं राहून पोटऱ्या भरून आल्यात. आणि तुमच्या तोंडांकडं बघतोय, तर तुम्हीही दमलाय. तो बघा, खांबाला टेकलेला, लागलासुद्धा डोळा! झोपू द्या, उठवू नका. दमलेल्या माणसानं दमलेल्या माणसांना काय सांगावं? दमलेल्याचीच गोष्ट सांगावी.

आधी प्रश्न. नैवेद्य तयार आहे, अजून दाखवायचाय. आणि तो करणाऱ्या बाईनंच त्यातला घास उचलून तोंडात घातला. पाप का पुण्य? लगेच माना हलवू नका! काकी, तुम्ही "पाप" म्हणालात, ऐकलं मी. बरोबर आहे, आपल्याला तसंच शिकवलंय. ते उत्तर पदराला बांधून ठेवा. शेवटी गाठ सोडून बघू.

ऐका. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी कुणाची तरी सासुरवाडी निघायची! लहानसं गाव. पण वसुबारसेची त्यांची रीत मोठी कडक.

वसुबारस म्हणजे काय, ठाऊक आहे ना? दिवाळीचा पहिला दिवा. गाय-वासराची पूजा. त्या दिवशी आपण दूध-दही-तूप खात नाही, गहू खात नाही. बाजरी आणि गवारीच्या शेंगा. पण ते गाव आणखी पुढं गेलं होतं. त्या दिवशी गावात कुणी धारच काढायची नाही. दावी सोडून द्यायची. वासरांनी प्यायचं, हवं तेवढं प्यायचं! वर्षभर आपण त्यांच्या तोंडचं ओढून घेतो, एक दिवस त्यांचं त्यांना. किती चांगली रीत! आहे का नाही? रीत चांगलीच होती हो. रीतीचं काही चुकलं नव्हतं.

मग दुधातुपाशिवाय गावानं जेवायचं काय? त्याची पाळी असायची. दरवर्षी एका घराची. त्या घरच्या सुनेनं सगळ्या गावाचं जेवण करायचं. एकहाती! दुसऱ्या कुणी पळीलासुद्धा हात लावायचा नाही. आणि तिनं पहाटेपासून उपाशी राहायचं. चाखायचं नाही, मीठसुद्धा नाही, अंदाजानं घालायचं. पहिला परळ गाईला. परळ म्हणजे मातीचं पसरट भांडं, आपल्या मोठ्या वाटीएवढं. गाईनं तोंड लावलं की गाव जेवणार. आणि करणारी? सगळ्यांच्या शेवटी. उरलं तर.

त्या वर्षी पाळी आली रंगनाथाच्या घराची. घरात माणसं किती? रंगनाथ, त्याची आई सारजाबाई, त्याची बायको गोजर. आणि ठकू. ठकू म्हणजे गोजराची तान्ही पोर, अजून मान धरत नव्हती.

गोजर सासूला भीत भीत म्हणाली, "आत्याबाई, माझं अंगावरचं पोर हाय. दिसभर उपास झेपंल का मला?"

सारजाबाई काय म्हणाली? "मला झेपला, तुला का न्हाई झेपणार?"

झालं! संपला विषय. बघा मंडळी, आपण सोसलेलं दुसऱ्यानं सोसलंच पाहिजे, याची आपल्याला केवढी हौस!

गोजर पहाटे उठली. बाजरीला पाण्याचा हात लावला, उखळात घातली, कांडली. सुपात पाखडून कोंडा काढला. जात्यावर भरडून कण्या पाडल्या. सगळ्या गावाच्या कण्या! दंडाला गोळे आले. मग अंगणात शेण्या आणि तुराट्या पेटवल्या, जाळ खाली बसू दिला, निखारा केला. त्यात वांगी—टोचे मारून बरं का, नाहीतर वांगं फुटतं आणि भाजणाऱ्याच्या तोंडावर उडतं! कांदे सालासकट. रताळी. लाल भोपळ्याच्या फाकी. खापरावर गवारीच्या शेंगा, लसूण, मिरच्या. एकीकडं हंड्यात आधण आलं, त्यात कण्या वैरल्या. हलवत राहायचं, नाहीतर खाली लागतं. आणि इकडं वांगी उलटायची, नाहीतर एका अंगानं जळतात. हात दोनच!

आमचा पुतण्या पुण्यात असतो. गेल्या खेपेला मला एका हॉटेलात घेऊन गेला. एवढा मोठा वाडगा आला. खाली कसलंसं धान्य, वर भाजलेला भोपळा, भाजलेला कांदा, वर तीळ भुरभुरलेले. म्हणतो, "काका, नवीन आलंय. दूध नाही, तूप नाही, एकदम पौष्टिक." मी म्हटलं, बाबा, खातो गुपचूप! नवीन म्हण, जुनं म्हण, भाजणाऱ्याचा हात तेव्हाही पोळायचा, आताही पोळत असेल. आत कोण भाजतंय ते आपल्याला दिसत नाही, एवढंच.

असो. कुठं होतो आपण? हां, निखाऱ्यापाशी.

आणि गावातले पुरुष काय करत होते? गाई धूत होते! झेंडूच्या माळा ओवत होते. शिंगांना रंग लावत होते. रंगनाथ तर एका शिंगाला हिरवा लावावा का गुलाबी, यावर मित्राशी तासभर भांडला म्हणे. वासरं मोकळी सुटलेली. पितायत, ढुशा मारतायत, उड्या मारतायत, परत पितायत. गाव नुसतं बघत होतं आणि खूश होत होतं.

आणि ठकू रडत होती.

सकाळी गोजरानं तिला पाजलं होतं. मग उन्हं चढली. पोटात अन्न नाही, पुढ्यात जाळ. दुपारी ठकूला घेतलं, तर चार चोख्यांत दूध संपलं. पोर किंचाळायला लागली. सारजाबाईनं उचलली, खांद्यावर घेतली, ओसरीत फेऱ्या मारल्या, पाण्याचं बोट चोखायला दिलं. पोर गप्प बसेना. भुकेनं रडणारं पोर गाण्यानं गप्प बसतं का हो, मावशी? नाही बसत.

दिवस कलला. सगळं झालं. वांग्याची सालं काढली, बोटांना फोड आले. भाजलेलं सगळं ठेचलं, दाण्याचं कूट घातलं, लसूण-मिरची घातली. मीठ अंदाजानं. गोजरानं पहिला परळ भरला. खाली बाजरीच्या वाफाळत्या कण्या. वर वांगं, कांदा, एका कडेला भोपळा, एका कडेला रताळं, वर गवार, तीळ, कोथिंबीर, लिंबाची फोड. वास असा की वेशीपर्यंत जावा! आता फक्त गाईची वाट बघायची. लांबून सनईचा आवाज यायला लागला होता.

गोजर भिंतीला टेकली. सारजाबाईनं ठकूला तिच्या मांडीवर दिलं. म्हणाली, "बघ बाई, येतंय का थेंबभर."

नाही आलं. ठकूनं ओढलं, सोडलं, ओढलं, सोडलं. आणि मग, मंडळी, ती रडायचीच थांबली. नुसतं हुंकारायला लागली. रडण्याइतकंही बळ नाही राहिलं पोरीत.

गोजरानं पोरीकडं बघितलं. परळाकडं बघितलं.

आता मी तुम्हाला सांगू का, की तिला भोवळ आली आणि चुकून घास तोंडात गेला? असं सांगितलं तर तुम्ही तिला पटकन माफ कराल. पण तसं नाही झालं! समजून-उमजून खाल्लं तिनं. परळ ओढला, कण्यांत वांगं कालवलं आणि घास घेतला. दुसरा घेतला. डोळ्यांतनं पाणी चाललंय, आणि खातेय. मीठ कमी होतं. तेवढ्यात उठून चिमूटभर मीठही घेतलं वरून! भुकेली होती ती, मंडळी. नुसती भुकेली.

आणि दारात मिरवणूक.

पुढं सनई. मागं सजवलेली गाय, चांदी तिचं नाव, पायांत घोटाळणारं तिचं वासरू. दोर आबांच्या हातात. आबा म्हणजे गावाचे मानकरी, रीत सांभाळणारे. माणूस वाईट नव्हता हो. पण आयुष्यभर रीत सांभाळली की कधीकधी माणूस दिसायचा राहतो. मागं सगळं गाव. आणि समोर गोजर, मांडीवर पोर, गालात घास!

सनई थांबली.

"बाटला!" आबा ओरडले. "नैवेद बाटला! आगं, गाईच्या आधी? कायमची पाळी गेली या घराची! आन् आता गाई आटल्या तर कुणाच्या नावानं रडायचं गावानं?"

रंगनाथ पुढं आला. बोटं अजून गुलाबी रंगानं भरलेली. "गोजर, काय केलंस हे? चार माणसांत मान खाली घालायला लावलीस."

गोजर काय बोलणार? घास गिळवेना, थुंकवेना. अख्खं गाव तिच्या तोंडाकडं बघतंय. तिनं एवढंच म्हटलं, "पोरीला दूध न्हाई आलं."

 वासरू मात्र गाईला लुचत होतं. चपाचप, चपाचप. तेवढा एकच आवाज.

तेव्हा सारजाबाई उठली. तीच, सकाळी "मला झेपला" म्हणणारी. तिनं काय करावं? हंड्यापाशी गेली. पळीला हात लावला! आबा म्हणाले, "सारजावहिनी, पळी ठेवा खाली." तिनं ऐकलं नाही. दुसरा परळ भरला, वरपर्यंत भरला, आणि गोजराच्या पुढ्यात ठेवला.

"खा," म्हणाली. मग वळली. "आबा, माझी पाळी आली व्हती तवा ह्यो रंगनाथ वटीत व्हता. दिसभर रडला. म्या चाखलं न्हाई. गाव म्हणालं, धन्य ती सारजा! सगळं गाव जेवलं, हात धुऊन घरी गेलं. त्याचं ते रडणं मला आजूनबी ऐकू येतंय. तुमाला येतं का?"

तिनं चांदीच्या वासराकडं बोट केलं.

"आज धार का काढायची न्हाई आपुन? दूध देणारीकडनं एक दिस घ्यायचं न्हाई म्हनून. गावातली सगळी वासरं प्याली. पोट फुटंस्तवर प्याली. एकच लेकरू उपाशी ऱ्हायलं, ते माझ्या घरात. माझी सून काय गाय न्हवं, आबा. पर गाईला देता तेवढं तरी द्या की तिला!"

इकडं चांदीनं काय केलं? कुणाचं लक्ष नाही असं बघून वांग्याच्या जळक्या सालांत तोंड घातलं, आणि आरामात चघळत उभी राहिली! तिचं काहीच बिघडलं नव्हतं. बाटलं-बिटलं माणसांना. गाईला काय त्याचं?

आबांनी ते बघितलं. दोर सोडला. तिथंच मातीत खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सुचलंच न्हाई कुणाला."

त्यांना सुचलं नाही, हे खरं होतं. तेच तर वाईट!

गोजर जेवली. गावानं उभं राहून बघितलं. मग सावकाश, बऱ्याच वेळानं, ठकूच्या गळ्यातनं गट्‌गट्‌ असा आवाज यायला लागला. तेव्हा रंगनाथानं गुलाबी हात पुसले आणि पळी हातात घेतली. पंगत त्यानं वाढली. कण्या जरा खाली लागल्या होत्या. कुणी बोललं नाही.

म्हणजे सगळं गाव सुधारलं का? कशाला खोटं सांगू! पुढं कुणाची गाय आटली, की बायका कुजबुजायच्या, गोजरानं खाल्लं म्हणून. गोजराला ते ऐकत जगावं लागलं. पण आबांनी एक केलं. पुढच्या वसुबारसेला पाळीच्या घरी ते मिरवणुकीच्या आधीच गेले, पहिला परळ भरायला लावला आणि म्हणाले, "बाई, आधी तू. मग गाय."

काकी, सोडा आता पदराची गाठ. काय आहे त्यात? पापच आहे अजून?  

...

मंडळी, तो धूर दिसतोय का, मंडपाच्या मागं? वास येतोय ना? काल्याचा महाप्रसाद शिजतोय. कोण शिजवतंय? सांगा की! पहाटेपासून कोण आहे त्या चुलवणापाशी? तुमच्याच घरातल्या आहेत. त्यांनी माझं कीर्तन ऐकलंय का? एक शब्द नाही. मी गोजराची गोष्ट सांगितली कुणाला? बसलेल्यांना! आणि जी गोजर आहे ती मागं पोळलेल्या बोटांनी वांगी सोलतेय. तिला विचारलंय का कुणी, बाई, चहा तरी घेतलास का?

घसा बसला ते बरं झालं. माझं आख्यान इथंच संपलं. दहीहंडी थांबेल. देवही थांबेल, त्याला सवय आहे थांबायची. पुरुष मंडळी, उठा. टाळ खाली ठेवा. खांबाजवळच्या त्या भल्या माणसाला आता उठवा! पहिली पंगत त्यांची, मागच्यांची. त्या बसतील, आपण वाढायचं. ती बादली द्या माझ्याकडं. मीही दमलोय, पण उभं राहायची सवय आहे मला.

आणि अहो मावशी, तुम्ही, चुलीपाशी! हो, तुम्हीच. खुशाल चाखून बघा. मीठ बरोबर आहे का, ते आधी तुम्ही सांगा.