छोट्या अक्षरातलं नाव

मंडळी, ऐका! जन्म देणाऱ्या बापाचं नाव आपल्या नावामागं आयुष्यभर चालतं. पण वाढवणारा दुसराच असेल, तर त्याचं नाव कुठं लावायचं? सांगा! — गप्प का?

उत्तर आहे व्हिस्कीच्या गोदामात! — बघा, मागचे कसे खडबडून जागे झाले! आणि आजी, पदर नाकाला लावू नका. आज प्यायची नाही, नुसती ऐकायची!

बांद्याला भालचंद्र केरकर सिंगल माल्ट बाटल्यांत भरायचे. एकाच भट्टीतली, जवाची, ती सिंगल माल्ट. पण केरकरांची स्वतःची भट्टी नव्हती हो! दुसऱ्याच्या भट्टीतली कोवळी दारू पिंपासकट विकत आणायची, वर्षानुवर्षं आपल्या गोदामात मुरवायची, मग बाटल्या भरायच्या. जन्म तिकडं, वाढ इकडं!

मंजिरीचंही तसंच. वडील रघुवीर आजगावकर ती लहान असतानाच वारले. आईनं केरकरांशी लग्न केलं. पोरगी पहिल्या दिवशी 'काका' म्हणाली — ते काकाच राहिले. पुढं आईही गेली. घरात दोघंच. तरी काकाच!

तो शेवटचा साधा दिवस. मंजिरी डबा घेऊन गोदामात आली. केरकर एका पिंपावर टकटक करत होते.

"ऐकलंस? वर पोकळ वाजतंय. आपल्या उकाड्यात उडून जाते गं. झाकून ठेवली तरी उडते! आता भरायलाच हवी."

टेबलावर नवं लेबल होतं. वर ठळक — डोंगरवाडी भट्टी. तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत — केरकर.

मंजिरी हसली. "सांभाळलीत तुम्ही, आणि मोठं नाव त्यांचं?"

"जन्म त्यांनी दिला. खोटं कसं लिहू?" ते डबा उघडता उघडता म्हणाले, "तुझं नाव तरी मी कुठं बदललं?"

मंडळी, एक शब्द तिच्या गळ्याशी आला. अगदी ओठांवर! आणि ती काय म्हणाली?

"आमटी गार होईल, काका."

गिळला! म्हणाली असेल मनात — उद्या आहेच की!

उद्या होता. केरकर नव्हते. सकाळी कामगारांनी दार उघडलं, तर त्याच पिंपाला टेकून बसलेले. अंग थंड.

स्मशानात गुरुजींनी विचारलं, "अग्नी कोण देणार?" केरकरांचा पुतण्या पुढं सरसावला. गुरुजींची नजर मंजिरीकडं गेली. "या बाई मयताच्या कोण?"

पुतण्या म्हणाला, "कुणी नाही हो. काकूची पहिल्या घरची. नावसुद्धा आजगावकर लावते!"

कुणी नाही!

थांबा, तिच्याकडं नंतर बघू. आधी तुमच्याकडं! तुमच्या घरात कुणी आहे का असं — तळाला, छोट्या अक्षरांत? सासू असेल, सावत्र आई असेल, थोरली वहिनी असेल. जिच्या हातचं खाऊन वाढलात आणि जिला हाक मारायची राहिली! झाकून ठेवलेलं टिकतं असं वाटतं? पिंप वाजवून बघा! आज घरी जा, आणि दार उघडेल त्याला हाक मारा. त्याला ऐकू येतंय तोवर!

कारण मंजिरीनं हाक मारली, ती लाकडांवर निजलेल्याला. पुतण्याच्या हातातलं मडकं तिनं घेतलं, खांद्यावर ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली —

"मी मुलगी. हे माझे बाबा."

आणि मग, वाकून, एकट्या त्यांनाच —

"बाबा."