सायीची वही

...आणि वर आमची ही मलाच विचारते, "राग आला का हो?" राग येऊ नये तर काय यावे? वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण शाळेत चौथीपर्यंत आणि त्यापुढे पुस्तके वाचून, स्वतःच्या डोळ्यांनी. पूर्ण नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण घरात मला 'ग्रंथपाल' म्हणतात... कौतुकाने म्हणतात, असा माझा अनेक वर्षे समज होता.

तुम्हाला सांगतो, माझे म्हणणे साधे होते. प्रक्रिया केलेले दूध म्हणजे मेलेले दूध. खोक्यातले दूध महिनोन्‌महिने टिकते, म्हणजे त्यात औषध असणार. त्यावर साय धरत नाही, म्हणजे सत्त्व काढलेले असणार. उलट कच्चे दूध चार वेळा उकळावे, की ते सकस होते. हे मी म्हणत नाही, माझ्या आहारावरच्या जुन्या पुस्तकात छापलेले आहे. पृष्ठ बेचाळीस, तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित.

सूनबाई दुग्धालयाच्या प्रयोगशाळेत दिवसभर दूधच तपासते. म्हणाली, "बाबा, औषध नसतं हो त्यात. काही सेकंद खूप तापवून हवाबंद करतात, म्हणून टिकतं. स्निग्धांश बारीक करून मिसळतात, म्हणून साय येत नाही. कॅल्शियम, प्रथिनं जवळजवळ तेवढीच राहतात. कच्चं दूध एकदा नीट उकळा, पुरे. चार उकळ्यांत जीवनसत्त्वंच कमी होतात."

मी विचारले, "पृष्ठ कोणते?"

तिने डबा उचलला आणि कामाला गेली. मी जिंकलो. मला तरी तसे वाटले.

आता, गेल्या वर्षी आमच्या हिने बरणीचे झाकण उघडताना मनगट मोडून घेतले. झाकण उघडताना! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडे ठिसूळ झाली आहेत. गोळ्या घ्या, रोज दोन पेले दूध घ्या, आता पडलात तर खुबा जाईल. मी त्या दिवसापासून सूत्रे हाती घेतली. उकळणे तिचे खाते, साय मोजणे माझे. रोज सकाळी आठ वाजता नातीची फुटपट्टी घेऊन सायीची जाडी वहीत, तारखेनिशी.

परवा तपासणीत हाडांची घसरण थांबलेली निघाली. मी वही डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. म्हटले, हे मी म्हणत नाही, लिहिलेले आहे.

त्यांनी पाने उलटली. "काका, सुरुवातीला तीन, एक, चार मिलिमीटर... आणि मग सहा महिने रोज दोनच?"

सूनबाई छताच्या पंख्याकडे पाहू लागली. ही पदराच्या टोकाकडे.

मग निघाले सगळे. माझ्या चार उकळ्यांच्या दुधाचा वास हिला सोसत नव्हता. आधीचे सहा महिने दोन्ही पेले मोरीत जात होते. पुढे सूनबाईने खोकी आणली, ती पातेल्यात ओतायची, आणि वर शेजारणीकडची चमचाभर साय अलगद सोडायची... माझ्यासाठी. आणि मी तेच दूध पिऊन म्हणत होतो, याला म्हणतात अस्सल चव.

मी म्हणालो, "अगं, तुझा खुबा मोडला असता. मला सांगितले का नाहीस?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे आधी छापून आणायला हवं."

यावर माझ्याजवळ पृष्ठ नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरी उघडपणे खोक्यातले दूध येते, आणि दोन्ही पेले मी स्वतः हिच्या हातात देऊन ती पिईपर्यंत उभा राहतो. फुटपट्टी नातीच्या दप्तरात परत गेली आहे.