पाठवणाऱ्याचं नाव

पोस्टात रजिस्टरच्या रांगेत माझ्यापुढे दोघं होती. एक अभ्यास मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे सर, आणि दुसऱ्या, त्याच मंडळाची पुस्तकं सांभाळणाऱ्या बाई. सरांच्या हातात लांब पाकीट. कान झाकून घ्यायची सवय मला नाही.

"सर, अजून वेळ आहे. परत नेऊ या हे पत्र."

"का म्हणून? तो लेखक सरकारबद्दल वाट्टेल ते लिहितो. मंडळाचा त्याच्याशी संबंध नाही, हे त्याला लेखी कळवलेलं बरं."

"मागच्या वर्षी त्याच्याशेजारी बसून फोटो काढलात की!"

"तेव्हा तो वादग्रस्त नव्हता."

"तेव्हा त्याला कुणी वाचत नव्हतं, असं म्हणा."

"बाई, नव्या पुस्तकात त्याने आपल्या मंडळींना घाबरट म्हणून नावानिशी झोडपलंय!"

"मलाही झोडपलंय. पण खोटं काय त्यात? भिऊन दोन पुस्तकं कपाटातून काढलीच होती मी."

"तुम्हाला दीड पान दिलंय त्याने! खजिनदाराला दोन. आणि तो कवी, वर्षाला चार ओळी लिहिणारा, त्याच्यावर अख्खं प्रकरण!"

"आणि तुमच्यावर?"

सरांनी हातातलं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"सर?"

"तीनदा वाचलं. मागची नावांची सूचीसुद्धा बघितली."

"मग सुटलात की तुम्ही!"

"तीस वर्षं अध्यक्ष आहे मी, बाई. सुटलो काय म्हणता?"

खिडकीतल्या कारकुनाने पाकीट ओढून घेतलं.

"पाठवणारा कोण? मंडळाचं नाव लिहू?"

"नको. माझं लिहा. पूर्ण लिहा, आणि जरा मोठ्या अक्षरात."