गूळ तोच, पीठ तेच

परळच्या औषधांच्या दुकानापुढे रांग होती. कमलाकांत खोकल्याच्या औषधासाठी रिकामी बाटली घेऊन उभा होता. माटुंग्याच्या प्रयोगशाळेत तो महिनाभर साखर आणि अमिनो आम्ल पाण्यात उकळत होता. साहेबांना बिस्किटांसाठी हवा असलेला भाजका वास काही केल्या येत नव्हता. रांगेत त्याच्या पुढे एकाच चाळीतल्या दोन शेजारणी बोलत होत्या.

“वयनी, उद्या ह्यांना तुरुंगातून सोडणार. लाडू करायला घेतले, पण वासच सुटेना गो!”

“केलेस कसे?”

“गुळाच्या पाण्यात चण्याचं पीठ ढवळलं. तासभर. हात भरून आले.”

“पाण्यात? अगो, खुळी की काय तू!”

“तूप वाचवलं. गूळ तोच, पीठ तेच, चूल पण तीच.”

“असेना! पाणी आहे तोवर ते नुसतं शिजणार. पाणी उकळलं की तिथंच थांबतं, त्याहून तापत नाही. तूप तापतच जातं, तेव्हा कुठे खमंग वास येतो.”

“मग त्या लगद्याचं काय करू?”

“आटव, आणि तूप घालून तांबूस होईतो परतून घे. संयुक्त महाराष्ट्रासाठी आत गेलेला माणूस, चार महिने शिजवलेलंच खातोय. घरी तरी भाजलेलं घाल!”

दोघी औषध घेऊन हसत गेल्या. कमलाकांतचा नंबर आला.

“खोकल्याचं ना?” कंपाउंडरने बाटली घेतली.

“ते राहू दे. ग्लिसरीन द्या, काठोकाठ.”

“घशाला लावायला?”

“नाही हो,” कमलाकांत खोकत म्हणाला, “हे पाण्याहून कितीतरी जास्त तापतं. साखर भाजायला, तुपाऐवजी.”