ताईच्या टोपाचा विनोद

—हलू नका, हलू नका! हसा, पण गालातल्या गालात हसा, वस्तरा गळ्यावर आहे. तर काय सांगत होतो—म्हणे कुणाच्या व्यंगावर विनोद करू नये, माणसं दुखावतात. कोण दुखावतं? पंधरा वर्षं मी प्रत्येक विनोद आधी या खुर्चीत बसणाऱ्याला ऐकवतो, मग रविवारी दुपारी हास्यक्लबच्या हॉलमध्ये माइकवर. टकल्यांवर, जाड्यांवर, तोतऱ्यांवर—एकानं तरी तोंड वाकडं केलं असेल तर शपथ! बायको म्हणते, "अहो, गळ्यावर वस्तरा असताना कोण नाही हसणार?" घ्या! तिला यातलं काही कळत नाही—वाक्य झकास आहे मात्र, ढापणार मी.

आणि गेल्या रविवारी तर—काय सांगू—लोकांनी हॉल डोक्यावर घेतला! ताईच्या टोपावरचा विनोद. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आजारपणात केस गेले तिचे, सगळे, तेव्हा हा केसांचा टोप मीच केला, इथेच बसून, तीन महिने, एकेक केस ओवून. तिला म्हटलं, तुझ्या-माझ्याखेरीज कुणाला कळणार नाही. आणि नाहीच कळत, पैज लावा! तर मी माइकवर म्हटलं, माझी बहीण शिंकली की आधी डोकं धरते, मग नाक! —हसलात! हलू नका म्हटलं ना! हशा असा आला, असा आला, की मला चेवच चढला, मी बोट दाखवलं—ती बघा, दुसऱ्या रांगेत! अख्खा हॉल वळला. शिट्ट्या, टाळ्या! आणि ताई? तीही हसत होती की. खदाखदा. दोन्ही हातांनी टोप घट्ट धरून.

म्हणजे चालतो विनोद. चालला ना? आता तीन दिवस फोन उचलत नाही, ते काय, असेल कामात. काल भाची पिशवी देऊन गेली, आत टोप, नीट विंचरलेला. धुवायला दिला असेल. दर महिन्याला तर—नाही, दर महिन्याला ती स्वतः येते. रुमाल बांधून बसते, तुम्ही बसलात तिथेच, आणि मी धुवेपर्यंत मला हसवते. माझं चुकलं हो. साफ चुकलं.

येत्या रविवारी परत बोलावलंय. टोपाचाच सांगा म्हणतात. सांगू? थांबा, असं नको—हा बघा, वस्तरा ठेवला तिकडे खिडकीत. आता खरं सांगा, मघाशी तुम्हाला हसू—

नको. राहू द्या. मान वर करा. बोलू नका, कापेल.