वैशाखाचा सल्ला

शहानपना मानसाले कसा भोवते, ते माह्यापासून आयका. भादव्यात एक गोरा साहेब आमच्या डोंगरात वाघाच्या शिकारीले आला. मी त्याचा वाटाड्या. आठ दिवस भिजलो, पन वाघाचं शेपूटही दिसलं नाही. जाताजाता साहेबानं ईचारलं, "शेर कब मिलेगा, पाटील?"

म्या म्हनलं, "आता जागोजागी पानी हाय, साहेब. वैशाखात या. तवा सारे झरे आटतात, एकच डोह राह्यते. वाघाले तिथंच यावं लागते."

साहेब खुश झाला. पन तवा आमचं गावही त्याच डोहाचं पानी भरते, हे सांगाचं माह्याच्यानं राहूनच गेलं.

वैशाखात साहेब बरोबर आला. डोहावर मचान बांधलं अन् गावात दवंडी देली, "वाघ बुजते, डोहाकडे कोनी फिरकू नका."

बायको रिकामी घागर घेऊन माह्यापुढं उभी राह्यली. "वैशाख कोनं सांगतला त्याले?"



नऊ दिवस साहेब मचानावर बसला. वाघ आलाच नाही. मानसाचा वास येताच तो डोंगर वलांडून दुसऱ्या पान्यावर निघून गेला होता.

आमी कुठी जावं, सांगा?